देश तटस्थ राहिला, मग आपण कुठं उभं राहायचं?

पत्र

मॅडम, सादर नमस्कार.
मी लातूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सोबत अभ्यासिका लावून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. माझा भैय्या युक्रेनमधल्या खारकीव्हला डॉक्टरकीला होता. मार्च २०२२ मध्ये जीव मुठीत धरून परत आला. तो म्हणतो, रशियाने उघड उघड आक्रमण केलं आणि आपल्या देशाने साधा निषेधालाही हात वर केला नाही, मला लाज वाटते. आण्णा म्हणतात, एकाहत्तरला रशिया आपल्या पाठीशी उभा होता, खाल्ल्या मिठाला जागायला पाहिजे. जेवताना विषय निघाला की ताटावरून कोणीतरी उठतंच. त्यात सतरा सप्टेंबरला कॉलेजात मुक्तिसंग्राम दिनाची वक्तृत्व स्पर्धा आहे, मी ‘आक्रमण आणि जग’ हा विषय घेतलाय. तर अभ्यासिकेतला एक मुलगा म्हणाला, ‘अठ्ठेचाळीसला आपणही हैदराबादेत फौज घातलीच होती की, मग कोणत्या तोंडाने बोलणार?’ मला उत्तर सुचलं नाही. देश असे का वागतात? खरं कोणाचं? आणि घरात मी कोणाची बाजू घेऊ?
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर

पोरी,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तुझा जीव तिथं अडकलाय. रशियाने केलं ते आक्रमण होतं आणि ते चूक होतं, या मुद्द्यावर तू भैय्याच्या बाजूने उभी राहा, आढेवेढे न घेता. भारताने त्या वेळी मत कसं द्यायला हवं होतं हा मुद्दा निराळा आहे आणि तिथं आण्णांच्या म्हणण्यालाही वजन आहे. तुमच्या घरात हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. भैय्या पहिल्याचं उत्तर देतो, आण्णा दुसऱ्याचं देतात, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा आपलंच खोडून काढतोय. हा गुंता सुटला तरी निम्मं भांडण मिटेल.

आता देश कसे वागले ते बघ. २४ फेब्रुवारी २०२२ ला पहाटे रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. दुसऱ्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत निषेधाचा ठराव आला. पंधरापैकी अकरा सदस्य ठरावाच्या बाजूने, रशिया विरोधात, आणि भारत, चीन, संयुक्त अरब अमिरात हे तिघे तटस्थ. अकरा मतं पडूनही ठराव बारगळला, कारण रशियाकडे नकाराधिकार आहे, म्हणजे त्याच्या एकट्याच्या नकाराने ठराव पडतो. ज्याच्यावर आरोप, त्याच्याच हातात निकाल. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपदसुद्धा रशियाकडेच होतं. मग २७ तारखेला प्रकरण आमसभेकडे, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेकडे, पाठवायचं ठरलं. ही वाट १९५० साली, कोरियाच्या युद्धाच्या वेळी काढलेली: सुरक्षा परिषद अडून बसली तर आमसभेचं तातडीचं अधिवेशन बोलवायचं. असं अधिवेशन बोलावणं हा कामकाजाचा विषय, तिथं नकाराधिकार चालत नाही. २ मार्चला आमसभेत मतदान झालं. रशियाने फौजा मागे घ्याव्यात या ठरावाच्या बाजूने १४१ देश, विरोधात ५, तटस्थ ३५. विरोधातले पाच म्हणजे रशिया, बेलारूस, उत्तर कोरिया, सीरिया आणि इरिट्रिया. तटस्थांमध्ये भारत, चीन, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, दक्षिण आफ्रिका. नेपाळ आणि भूतानने मात्र ठरावाच्या बाजूने मत दिलं. दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये वसलेल्या या छोट्या देशांची ही हिंमत आपल्याकडं फारशी कोणी सांगत नाही.

त्या २ मार्चला खारकीव्हमध्ये काय चाललं होतं, ते भैय्याला एकदा शांतपणे विचार. त्याच दिवशी आपल्या दूतावासाने तिथल्या भारतीयांना कळवलं होतं, की शहर ताबडतोब सोडा, वाहन मिळत नसेल तर पायी निघा आणि पिसोचिन, बाबाई, बेझल्युदिव्का या गावांकडं जा. अंतर अकरा ते सोळा किलोमीटर, वर थंडी, आणि आजूबाजूला तोफा. आदल्याच दिवशी त्या शहरात कर्नाटकातला एक भारतीय विद्यार्थी माऱ्यात गेला होता. एकीकडं पोरं बर्फातून चालताहेत आणि दुसरीकडं न्यूयॉर्कच्या सभागृहात आपला देश तटस्थाचं बटण दाबतोय. भैय्याचा राग कुठून येतो ते इथं कळतं, आणि तो राग खरा आहे.

पण त्याच दिवसाची दुसरी बाजूही त्याच्यासमोर ठेव. ‘ऑपरेशन गंगा’त साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय युक्रेनमधून परत आले. पोलंड, रोमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया आणि मोल्दोव्हा या सीमांवरून. युक्रेनमधल्या सुमी शहरात अडकलेल्या शेकडो विद्यार्थ्यांना ८ मार्चला बाहेर काढताना तर रशिया आणि युक्रेन दोघांनीही गोळीबार थांबवणं भाग होतं, आणि त्यासाठी पंतप्रधानांनी पुतीन आणि झेलेन्स्की दोघांनाही फोन केले. दोघांशी बोलणं चालू ठेवायचं तर हातचं राखून बोलावं लागतं. हे कारण पहिल्या आठवड्यांपुरतं पटण्यासारखं आहे. सगळी मुलं घरी पोचल्यावरही भारत तटस्थच राहिला, त्याची कारणं वेगळी आहेत. त्याकडं येतेच.

बांध कोरण्याची भांडणं तू बघतच मोठी झालीस. कोणी कोणाचा बांध कोरला हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं, पंचनाम्यावर सही करायची वेळ आली की मात्र माणसं पांगतात. ज्याचं रान त्याच माणसाच्या रानाला लागून आहे तो पुढं होतो, कारण उद्या त्याचाच नंबर. ज्याची पाइपलाइन त्याच्या विहिरीवरून येते तो म्हणतो, आपसात मिटवा. आणि ज्याने स्वतः दुसरीकडं बांध कोरलाय तो विषयच बदलतो. देशांच्या वागण्यातला बराच भाग असाच आहे, आणि तो कळला की १४१, ५, ३५ हे आकडे बोलायला लागतात.

रशियाला लागून असलेले देश बघ. फिनलंडची रशियाशी तेराशे किलोमीटरहून लांब सरहद्द. दुसऱ्या महायुद्धानंतर इतकी दशकं त्याने कोणत्याही लष्करी गटात न जाण्याचं धोरण सांभाळलं. एप्रिल २०२३ मध्ये तो नाटो या अमेरिका आणि युरोपच्या लष्करी गटात गेला. मार्च २०२४ मध्ये स्वीडन गेला. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया हे तीन छोटे देश सगळ्यांत कडक बोलले, कारण १९४० साली सोव्हिएत संघाने त्यांना गिळलं होतं. त्या वेळी अमेरिकेने एकच गोष्ट केली: हे विलीनीकरण मान्य करायला नकार दिला. फौज पाठवली नाही, युद्ध पुकारलं नाही. अमेरिकेत त्या देशांच्या वकिलाती मात्र पन्नास वर्षं चालू राहिल्या आणि १९९१ ला ते देश पुन्हा उभे राहिले, तेव्हा तो कागदावरचा नकार कामी आला. ‘नुसत्या निषेधाने काय होतं’ असं अभ्यासिकेत कोणी म्हणालं तर हे उदाहरण सांग. मला स्वतःला ते फार मोलाचं वाटतं.

गॅस रशियाचा आणि शेजार युरोपचा, अशांची पंचाईत झाली. जर्मनीने बाल्टिक समुद्राखालची नॉर्ड स्ट्रीम-२ ही तयार पाइपलाइन आक्रमणाच्या दोन दिवस आधीच थांबवली आणि पाठोपाठ युक्रेनला शस्त्रं द्यायचं ठरवलं. युद्धभूमीत शस्त्रं न पाठवण्याचं धोरण त्या देशाने किती वर्षं पाळलं होतं, हे लक्षात घेतलं की पाऊल केवढं मोठं होतं ते कळतं. हंगेरीने युरोपीय संघाच्या निर्बंधांना कुरकुरत मान्यता दिली, पण आपल्या हद्दीतून युक्रेनला शस्त्रं जाऊ दिली नाहीत. स्वित्झर्लंडची तटस्थता आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो. त्या स्वित्झर्लंडनेसुद्धा चार दिवसांत युरोपचे निर्बंध लागू केले. सर्बियाने आमसभेत रशियाविरुद्ध मत दिलं आणि निर्बंध मात्र लावले नाहीत. ब्राझीलचंही जवळपास तसंच. तुर्कस्तानचं वागणं तर तू मन लावून अभ्यास, कारण एकाच देशाने किती दोऱ्या हातात धराव्यात! निषेध केला. युक्रेनला ड्रोन विकले. १९३६ च्या माँत्रो कराराचा आधार घेऊन काळ्या समुद्राकडं जाणारी सामुद्रधुनी युद्धनौकांना बंद केली. निर्बंध लावले नाहीत, रशियन पर्यटक आणि पैसा येऊ दिला. आणि जुलै २०२२ मध्ये इस्तंबूलला दोन्ही बाजूंना बसवून युक्रेनचं धान्य समुद्रमार्गे बाहेर काढण्याचा करारही घडवून आणला. म्हणून एखाद्या देशाने आमसभेत बटण कोणतं दाबलं, एवढ्यावर त्याची परीक्षा करू नकोस. तो काय बोलला, काय विकत घेतलं, काय विकलं आणि दार कोणाला उघडलं, हे सगळं एकत्र बघ.

चीनने ‘सर्व देशांच्या सार्वभौमत्वाचा आदर’ असं एका वाक्यात म्हटलं आणि पुढच्या वाक्यात रशियाच्या सुरक्षेच्या चिंता रास्त ठरवल्या. आक्रमणाच्या तीन आठवडे आधी, ४ फेब्रुवारीला, पुतीन बीजिंगमध्ये होते आणि आमच्या मैत्रीला मर्यादा नाही असं दोघांनी लेखी जाहीर केलं होतं. बाकी सांगायची गरज नाही.

केनियाबद्दल मात्र थांबून सांगते. आक्रमणाच्या आधी, २१ फेब्रुवारीच्या रात्री, पुतीन यांनी युक्रेनच्या पूर्वेकडच्या दोन भागांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली होती. त्या रात्री सुरक्षा परिषदेत केनियाचे प्रतिनिधी मार्टिन किमानी बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: आमच्या आफ्रिकेच्या सीमा आम्ही आखल्या नाहीत, त्या लंडन, पॅरिस, लिस्बनमध्ये बसून परक्यांनी आखल्या. प्रत्येक सीमेपलीकडं आमच्याच भाषेची, आमच्याच रक्ताची माणसं आहेत. एका वंशाचा, एका धर्माचा देश करायचा हट्ट धरला असता तर आम्ही आजही एकमेकांना कापत बसलो असतो. म्हणून मिळाल्या त्या सीमा आम्ही मान्य केल्या.

हे आपल्याला कळायला पाहिजे, पोरी. निजामाच्या राज्याचे १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेवर तीन भाग झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. भालकी, औराद, बिदरकडं अजूनही घरोघर मराठी बोलतात, तुमच्या निलंगा-उदगीरकडच्या सोयरिकी तिकडं आहेतच. आपलं म्हणणं आपण सभांत मांडलं, मोर्चे काढले, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पलीकडची माणसं आपली भाषा बोलतात, एवढ्यावरून रणगाडे घालायचा हक्क कोणाला मिळत नाही. रशियन बोलणाऱ्यांच्या रक्षणासाठी आम्ही गेलो, या पुतीन यांच्या युक्तिवादाला केनियाने आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं.

अमेरिकेबद्दल आण्णा नक्की बोलत असतील, आणि त्यांनी बोलावंच. मार्च २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने इराकवर हल्ला केला तेव्हा सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती. फ्रान्स आणि जर्मनीने उघड विरोध केला, भारताच्या संसदेने एकमुखाने नापसंती नोंदवली, आणि पुढं अमेरिकेने सैन्य मागितलं तेव्हा भारताने नाही म्हटलं. पण अमेरिकेवर निर्बंध कोणी लावले नाहीत. बळी तो कान पिळी हे तिथंही खरं ठरलं. दुसरीकडं, ऑगस्ट १९९० मध्ये सद्दाम हुसेनच्या इराकने कुवेत गिळला, तेव्हा त्याच दिवशी परिषदेने माघारीचा ठराव केला आणि चार दिवसांत निर्बंधही लागू झाले, कारण कोणाही नकाराधिकारवाल्याचा तो सोयरा नव्हता. त्या वेळी येमेन परिषदेचा सदस्य होता. नोव्हेंबरमध्ये लष्करी कारवाईच्या ठरावाविरुद्ध त्याने मत दिलं आणि त्या गरीब देशाची अमेरिकी मदत जवळपास बंद झाली. छोट्या देशाचं एक मत त्याला किती महाग पडू शकतं, ते तिथं दिसलं. २०२२ मध्ये तटस्थ राहिलेल्या आफ्रिकी देशांबद्दल तोंड उघडण्याआधी एवढं आठवावं. आणि धोरण सरकारागणिक बदलतं हेही. २४ फेब्रुवारी २०२५ ला, युद्धाला तीन वर्षं झाली त्या दिवशी, आमसभेत युक्रेनचा ठराव आला तेव्हा अमेरिकेने रशियासोबत विरोधात मत दिलं. ठराव ९३ मतांनी संमत झाला, पण पूर्वीचे १४१ कुठं राहिले!

आता भारत. २५ फेब्रुवारी २०२२ ला मत देऊन झाल्यावर आपल्या प्रतिनिधींनी जो खुलासा वाचला तो मिळव आणि एकेक ओळ करून वाच. स्पर्धा परीक्षेलाही उपयोगी पडेल. त्यात म्हटलंय की घडामोडींनी भारत अतिशय अस्वस्थ आहे, हिंसा ताबडतोब थांबावी, आजची जागतिक व्यवस्था संयुक्त राष्ट्रांची सनद, आंतरराष्ट्रीय कायदा आणि देशांचं सार्वभौमत्व व प्रादेशिक अखंडता यांवर उभी आहे, आणि चर्चेचा मार्ग सोडून दिला गेला ही खेदाची गोष्ट आहे. रशियाचं नाव कुठंही नाही. आक्रमण म्हटलेलं नाही. तरी त्या दिवशी प्रादेशिक अखंडता एकाच देशाची मोडली जात होती आणि चर्चेचा मार्ग एकानेच सोडला होता. मॉस्कोत ज्याला कळायचं त्याला ते कळलं. पुढं युक्रेनमधल्या बुचा गावातल्या हत्याकांडाचे फोटो आले, तेव्हा भारताने त्या हत्यांचा निःसंदिग्ध निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीला पाठिंबा दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला पंतप्रधानांनी पुतीन यांना समोरासमोर सांगितलं, की आजचा काळ युद्धाचा नाही.

एवढं असूनही मत तटस्थच, याचं कारण शस्त्रं आणि चीन. आपल्या फौजेकडची निम्म्याहून जास्त जड सामग्री रशियन बनावटीची, सुटे भाग तिथूनच येतात. जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले, त्यानंतर दोन्ही फौजा लडाखमध्ये समोरासमोर उभ्या होत्या. अशा वेळी रशियाला चीनच्या आणखी जवळ ढकलणं दिल्लीला परवडणारं नव्हतं. हे आण्णांना सांगायची गरज नाही, ते त्यांना आपसूक कळतं. तेलाचं मात्र सांग. युद्धाआधी आपल्या आयातीत रशियन तेल दोन टक्क्यांच्या आत होतं, वर्षभरात ते तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं. स्वस्त मिळालं, घेतलं.  पण या खरेदीला एकाहत्तरच्या मैत्रीचं नाव देऊ नये. तो व्यवहार होता, व्यवहारच म्हणावा.

माझं स्वतःचं मत विचारशील तर फेब्रुवारी-मार्चमधली तटस्थता मी समजू शकते. १२ ऑक्टोबर २०२२ ची समजू शकत नाही. सप्टेंबरअखेर रशियाने युक्रेनचे चार प्रांत आपल्यात सामील झाल्याचं जाहीर केलं, बंदुकीच्या धाकात घेतलेल्या तथाकथित जनमताचा आधार दाखवून. ते अमान्य करणारा ठराव १४३ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला, ३५ तटस्थ, त्यात भारत. अरुणाचल आमचाच आहे असं म्हणणारा शेजारी ज्याच्या दाराशी बसलाय, त्या देशाने तरी बळाने सीमा बदलण्याला नाही म्हणायला हवं होतं. तेव्हा आपली मुलंही तिथं अडकलेली नव्हती.

आण्णांचं एकाहत्तर. ते बरोबर सांगतात. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध येणारे ठराव सोव्हिएत संघाने पुन्हापुन्हा नकाराधिकार वापरून अडवले, म्हणून ढाका हाती येईपर्यंत वेळ मिळाला. ७ डिसेंबरला आमसभेत तर युद्धबंदी करा, फौजा मागे घ्या म्हणून १०४ देशांनी मत दिलं होतं. जवळपास एक कोटी निर्वासित आपल्या दारात आले होते, तरी जगाचं हे मत होतं. विरोधात फक्त अकरा. पण त्या अकरांची यादी आण्णांना वाचून दाखव: भारत, भूतान, सोव्हिएत संघ, पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, बल्गेरिया, मंगोलिया, क्युबा, बेलारूस, आणि युक्रेन. सोव्हिएत संघाचा भाग असूनही युक्रेनला आमसभेत स्वतंत्र जागा होती आणि त्याने भारताच्या बाजूने मत दिलं होतं. आपल्या नौदलाच्या राजपूत वर्गातल्या विनाशिका युक्रेनच्या मिकोलाईव्हमध्ये बांधलेल्या, आणि हवाई दलाचं एएन-३२ विमान कीव्हच्या कंपनीचं. खाल्ल्या मिठाला जागायचंच तर त्या मिठात युक्रेनचाही वाटा आहे. आण्णा भले गृहस्थ असणार, हे ऐकून ते विचारात पडतील.

आता अभ्यासिकेतल्या मुलाचा प्रश्न. तो टाळू नकोस, चांगला प्रश्न आहे. निजाम सरकारने २१ ऑगस्ट १९४८ ला सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली होती. १३ सप्टेंबरला फौजा निघाल्या, १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषदेसमोर हैदराबादचा प्रश्न आला आणि १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. पाठोपाठ तक्रारही मागे घेतली. त्या परिषदेत तेव्हा युक्रेनही सदस्य होता, हे तुझ्या भाषणात सांगण्यासारखं आहे. भारताचं म्हणणं होतं की हैदराबाद हा स्वतंत्र देशच नाही, त्यामुळे परिषदेला यात पडता येत नाही. कोणत्याही मोठ्या देशाने त्याला देश म्हणून मान्यता दिलेली नव्हती. युक्रेनचं तसं नाही. तो १९४५ पासून संयुक्त राष्ट्रांचा संस्थापक सदस्य. १ डिसेंबर १९९१ च्या जनमतात नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला. आणि ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये, युक्रेनने अण्वस्त्रं सोडण्याच्या बदल्यात, त्याच्या सीमांचा आदर करू असं खुद्द रशियाने लिहून दिलं.

दुसरा फरक माणसांचा. मराठवाड्यातली माणसं फौज येण्याच्या कितीतरी आधीपासून लढत होती. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते, सरहद्दीवर कॅम्प होते, गावोगाव रझाकारांशी झुंज चालू होती. आणि १९५२ ला इथल्या माणसाने मतपेटीत मत टाकून आपलं सरकार निवडलं. युक्रेनच्या लोकांनी रशियन फौजेचं स्वागत कसं केलं ते भैय्याने डोळ्यांनी बघितलंय. मात्र एक गोष्ट तू लपवू नकोस. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे त्या फौजी कारवाईनंतर, आपल्याच धाराशिव, लातूर, नांदेड, बिदर या भागांत अनेक निरपराध मुसलमान मारले गेले. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्यासह पाठवलेल्या समितीने फिरून त्याची नोंद केली आहे. मुक्ती खरी होती आणि तो अन्यायही खरा होता. हे म्हणायची तयारी असेल तरच बुचाबद्दल बोलायचा अधिकार आपल्याला राहतो.

भैय्याच्या लाजेबद्दल. १६ मार्च २०२२ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने रशियाला लष्करी कारवाई थांबवण्याचा आदेश दिला, तेरा विरुद्ध दोन मतांनी. विरोधातले दोन न्यायाधीश रशियाचे आणि चीनचे. तेरांमध्ये भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. सरकार न्यूयॉर्कमध्ये तटस्थ राहिलं त्याच महिन्यातली ही गोष्ट आहे. न्यायाधीश सरकारचा नोकर नसतो, त्याने कायद्याला स्मरून मत दिलं. त्याआधीचंही उदाहरण आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले, तेव्हाही सुरक्षा परिषदेत भारत तटस्थ राहिला, आणि केंद्रीय मंत्री अशोक मेहतांनी त्या कारणासाठी राजीनामा दिला. १९५६ ला हंगेरीच्या वेळी नेहरू सावध बोलत होते आणि जयप्रकाश नारायण त्यांना उघड खडसावत होते. सरकारला शस्त्रांचा, तेलाचा, सीमेचा हिशेब करावा लागतो. नागरिकाला तो समजून घेता येतो आणि तरीही जे चूक ते चूक म्हणता येतं. भैय्याने लाज वाटून घेण्याऐवजी बोलावं. कॉलेजात, गावच्या शाळेत, जिथं बोलावतील तिथं, खारकीव्हमध्ये काय बघितलं ते सांगावं.

घरात जेवताना हा विषय काढू नका. संध्याकाळी आण्णा रानातून आले, हातपाय धुऊन बसले की भैय्याला त्या पायी निघालेल्या दिवसाबद्दल बोलू दे, मतदानाबद्दल नको. आण्णांनी बहुधा ते सलग कधी ऐकलंच नसेल. मग दुसऱ्या एखाद्या दिवशी एकाहत्तरची यादी काढ.

भाषणाची सुरुवात १६ सप्टेंबर १९४८ च्या पॅरिसपासून कर आणि तो मुलाचा प्रश्न स्वतःच आधी मांड. तिथून केनिया, मग २ मार्च, शेवटी ऑक्टोबर, एवढंच घे. तुर्कस्तान, हंगेरी सोडून दे, वेळ पुरणार नाही. आणि आकडे तारखेसकट पाठ कर. पस्तीस तटस्थ दोन्ही वेळा आहेत, २ मार्चलाही आणि १२ ऑक्टोबरलाही, पण बाजूची मतं पहिल्यांदा १४१ आणि नंतर १४३. परीक्षकांनी विचारलं तर तिथंच गल्लत होते.